वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठचा मनोरा किती उंच हवा?

प्रश्न : मॅडम, आमच्या गावच्या पाझर तलावावर हिवाळ्यात बदकं, करकोचे भरपूर उतरतात. शनिवार-रविवारी नाशिकहून मंडळी कॅमेरे घेऊन येतात. म्हणून ग्रामपंचायतीने निरीक्षण मनोरा बांधायचं ठरवलंय. ठेकेदार म्हणतो, पन्नास फुटी आरसीसी करू, पार हायवेवरून दिसेल. जागा त्याने तलावाच्या पूर्व काठाला, रस्त्यालगत दाखवली आहे. आम्ही होकार द्यावा का? – ग्रामपंचायत सदस्य, सिन्नर तालुका

उत्तर : थांबा. हायवेवरून दिसणारा मनोरा बदकांना दिसणार नाही का? जोंधळा राखायला आपण शेतात माळा बांधतो, तो पाखरांना दिसावा म्हणूनच. तुम्हाला नेमकं उलटं हवंय.

आधी जागेचं बोलू, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीत नवी असताना एका तळ्याच्या पूर्व काठावर मनोरा आखला. रस्ता जवळ, मुरूम पक्का, सगळं सोयीचं. उद्घाटन संध्याकाळी पाच वाजता. पाहुणे वर चढले, दुर्बिणी लावल्या, आणि समोर मावळतीचा सूर्य! पाणी चांदीच्या ताटासारखं चमकतंय आणि त्यावर काळे ठिपके. थापट्या कुठला, हळदीकुंकू बदक कुठलं, कुणालाच सांगता येईना. एक पाहुणे मला म्हणाले, "बाई, सगळे कावळेच दिसतात की." पश्चिम काठावर बांधला असता तर हाच त्रास सकाळी झाला असता. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून जातो आणि नैर्ऋत्येला मावळतो. म्हणून मनोरा दक्षिण काठावर आणि तोंड उत्तरेला. दिवसभर ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. मागे बाभळी किंवा करंज असतील तर उत्तम, म्हणजे वरची माणसं आभाळावर उठून दिसत नाहीत. दक्षिणेला नेमका तलावाचा बांध असेल, तर त्याच्या भरावात एक खड्डासुद्धा घेऊ नका. बांध सोडून बाजूला सरका, थोडं ऊन तिरपं आलं तरी चालेल.

आता उंची. याला इंजिनिअर लागत नाही, शाळेतले समरूप त्रिकोण पुरतात. समजा, काठावरचं पाणकणीस आठ फूट वाढलंय आणि मनोऱ्यापासून साठ फुटांवर आहे. तुमचा डोळा बारा फुटांवर असेल, तर पाणकणसामागचं 120 फूट पाणी झाकलेलं राहतं. सोळा फुटांवर असेल तर 60 फूट, वीस फुटांवर 40. ठेकेदाराच्या मनोऱ्यावर डोळा पंचावन्न फुटांवर जाईल, तेव्हा झाकलेलं पाणी 10 फुटांवर येतं. म्हणजे जादा पस्तीस फूट चढून हाती काय, तर तीस फुटांची पट्टी. शिवाय बदकाच्या पाठीकडे वरून बघावं लागतं, ते वेगळंच. बाकावर बसलेल्या माणसाचा डोळा फळीपासून चार फुटांवर धरा. बारा ते सोळा फुटांवर मजला घेतला की झालं.

पैसे वाचतील ते वाटेवर खर्च करा. पक्षी उडतात ते माणूस वर चढताना, वर बसल्यावर नाही. रस्त्यापासून जिन्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सहा फूट उंच बांबूचे तट्टे लावा. गावात तुरीच्या नाहीतर पऱ्हाटीच्या काड्यांचा कुड घालणारे हात अजून असतील, तर त्यांनाच काम द्या. वर कठडा बंद ठेवा आणि बघायला वीतभर उंचीच्या आडव्या फटी सोडा. एक बसलेल्या मोठ्यांसाठी, एक खाली पोरांसाठी. नाहीतर पोरं कठड्यावर चढतातच.

जिना आणि मजला एकमेकांपासून सुटे ठेवा, दोघांचे खांब वेगळे. तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून चित्र साठ पटींपर्यंत मोठं होतं, तसा हादराही तितकाच मोठा होतो. एक पोरगं जिन्यावर धावलं की वरच्याच्या दुर्बिणीतला तुतवार पक्षी नाचायला लागतो. पत्र्याच्या पायऱ्या तर नकोच, बूट वाजतात.

तुमच्याकडे काळी माती असेल. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्याखाली मुरमापर्यंत न्या. आणि ठेकेदाराला एकच विचारा : मजला चौरस मीटरला किती भार धरून काढलाय? गर्दीच्या जागेला पाचशे किलो धरतात. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा बघा. चकचकीत रंग, काचा, रात्रीचे दिवे, सगळं कटाप. तडितरक्षक मात्र हवाच.

आणखी एक. एक दिवस सगळ्या सदस्यांनी नांदूर मधमेश्वरला जाऊन या. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं हे अभयारण्य, 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथल्या मनोऱ्यांवर सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, दोन्ही वेळा बसा. टेप सोबत न्या, फळ्या-कठडे मोजा.

प्रश्न : आमच्याकडच्या मनोऱ्याच्या स्लॅबखाली दरवर्षी आग्या मोहोळ बसतं. धूर करून काढावं का? – एक वनसमिती सदस्य

उत्तर : अजिबात नको. आग्या माश्या मोसमाप्रमाणे मुक्काम हलवतात, त्या जाईपर्यंत जिन्याला कुलूप लावा. पोळं रिकामं झाल्यावर स्लॅबच्या बाहेर आलेल्या भागाखाली बारीक जाळी ताणून बसवा. उंचावरची सावलीतली कड त्यांना आवडते, ती मिळाली नाही तर बहुधा दुसरीकडे जातील.