मुळातल्या गाठी आणि लेकीचं करिअर

नमस्कार दादा,

गुहागरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, मार्क चांगले, पण मेडिकलची नीट परीक्षा द्यायची नाही म्हणते, का तर परसातली वांगी पिवळी पडली म्हणून उपटली तर मुळं गाठींनी भरलेली आणि तेव्हापासून ती सूत्रकृमींचंच, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक जंतांचंच वाचत बसलीय. तुम्ही विचारलंय, 'किड्यांवर कोणाचं पोट भरतं का?'

भरतं की! आधी तिला एक विचारा, त्या गाठी नखानं खरवडून बघितल्यास का? चवळीच्या मुळावरच्या गाठी सुटून हातात येतात, या सुटत नाहीत कारण मूळच सुजलेलं असतं. तिनं हे आपणहून केलं असेल तर पोरगी सिरीयस आहे असं समजा.

आणि विषय साधा नाही हो. सूत्रकृमीचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही छोटं, मुळात शिरतं, सुईसारख्या तोंडानं पेशीत प्रोटीन सोडतं आणि मग पेशीतलं केंद्रक विभागत राहतं पण पेशी काही विभागत नाही, एकेका पेशीत शंभरपर्यंत केंद्रकं होतात, ती फुगते आणि त्या जंताला जेवू घालते. जंत जे सोडतो त्यातलं १६डी१० नावाचं छोटंसं पेप्टाइड (प्रोटीनचाच छोटा प्रकार) तर झाडाच्या जीन चालू-बंद करणाऱ्या प्रोटीनलाच जाऊन चिकटतं, २००६ साली ते बंद पाडून मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये रोग रोखून दाखवला. टोमॅटोत एमआय नावाचा जीन आहे, जंताला अडवतो, पण जमीन २८ अंशांच्या वर तापली की ढेपाळतो. आता आपल्याकडे उन्हाळी भाजीला त्याचा काय उपयोग, सांगा! म्हणजे काम पडलंय, करणारं माणूस हवंय. (तोवर जंत कमी करायला त्या वाफ्यात झेंडू लावा.)

माझं मत, थेट बायोटेकला घालू नका, बीएस्सी ॲग्री करू दे. सीईटीतून दापोलीच्या विद्यापीठात नंबर लागला तर घरापासून जवळच. पुढे एमएस्सीला नेमॅटॉलॉजी, म्हणजे सूत्रकृमींचंच शास्त्र, दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटला (भारतीय कृषी संशोधन संस्थेत) त्याचा वेगळा विभागच आहे. जागा मोजक्या असतात हे लपवत नाही, आणि संशोधनात टिकायचं तर पीएचडी हवीच, म्हणजे ४ अधिक २ अधिक निदान ३ वर्षं. मधेच कंटाळली तर बँकेत कृषी अधिकारी, एमपीएससीची कृषी सेवा, हे रस्ते ॲग्रीवाल्यांना उघडे राहतात. सीईटीचा फॉर्म तेवढा वेळेत भरा, पीसीबी ग्रुप.