साधा इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यावा की महागडा? किमतीतला फरक वसूल होतो का?

सासऱ्यांसाठी दोन हजारांचा चार्जिंगचा ब्रश आणि चौदा हजारांचा अ‍ॅपवाला, या दोघांत तुमचं अडलंय. दोन हजारांचा घ्या. उत्तर खरं तर इथेच संपतं, पण प्रश्नात तुम्ही पुढे लिहिलंय, ‘नवरा म्हणतो, आईवडिलांच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.’ हे वाक्य मी आमच्या घरात इतकं ऐकलंय की आता सविस्तरच लिहिते.

माझ्या आईला आमवात आहे. बोटांची पेरं सुजलेली असतात, सकाळी मूठ वळत नाही. साध्या ब्रशचा बारीक दांडा हातातून निसटायचा, त्यामुळे दात घासणं म्हणजे पुढचे चार दात पुसून चूळ भरणं, एवढंच उरलं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जाड मुठीचा, चार्जिंगचा ब्रश आणा. दोन मिनिटांचा टायमर हवा आणि जोर जास्त पडला की ब्रशने तसं कळवायला हवं. कंपनी कुठलीही चालेल.

जोराचं त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण आईचे दात हिरडीपाशी खाचा पडल्यासारखे झिजलेत. लहानपणी राखुंडी, मग आजीच्या डबीतली मिश्री. मिश्री लग्नानंतर सुटली, पण बोटाने रगडायची सवय ब्रशला लागली. वरचं टणक आवरण झिजलं की पुन्हा येत नाही, आणि गार पाणी प्यायलं की कळ मस्तकात जाते. अशा माणसाच्या हातात मोटरचा ब्रश देताना जोर आवरणारी सोय हवीच. दोन हजारांतल्यात ती नसेल तर हजारभर जास्त घाला. त्यापुढे एक रुपयाही नको.

मी तसाच एक आणला. एकच बटण, एकच वेग, दर तीस सेकंदांनी किंचित अडखळतो म्हणजे तोंडाचा पुढचा भाग घ्यायचा. आईला दोन दिवसांत जमलं.

मग दादा न्यू जर्सीहून आला. बेसिनवरचा ब्रश उचलून म्हणाला, “आईसाठी हे असलं?” पुढच्या खेपेला त्याने तिथला सगळ्यात वरचा मॉडेल आणला. रंगीत दिव्याची कडी, ब्लूटूथ, फोनवर दातांचा नकाशा, पाच-सहा मोड. गंमत अशी की त्यातही बटण एकच. दाबलं की चालू, लगेच पुन्हा दाबलं की बंद न होता मोड बदलायचा. आईला वाटायचं बिघडलाय, म्हणून ती तोंडातून काढून बघायची. चालू ब्रश तोंडाबाहेर आला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. आरसा, चष्मा, ब्लाऊज, सगळीकडे पेस्टचे शिंतोडे. “अगं, हे बंद कुठं होतं?” ही रोज सकाळची हाक. नकाशा बघायला ती बेसिनपाशी फोन कुठून धरणार? एका हातात ब्रशच कसाबसा मावतो.

दादाने ग्रुपवर मला एक आढावा पाठवला, कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था), २०१४ सालचा. ५६ चाचण्या, पाच हजारांवर माणसं. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर विजेच्या ब्रशने दातांवरचा चिकट थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी. बरोबरच आहे, पण ही तुलना हाताने घासायच्या ब्रशशी आहे. स्वस्त विजेचा आणि महाग विजेचा यांची त्यात लढत नाहीच. म्हणजे तो आढावा माझ्या बाजूने होता. मी तसं लिहिलं, तर दादाचा नुसता अंगठा आला.

आता चार्जर. त्याच्या बुडाला बारीक अक्षरांत ११०–१३० व्होल्ट छापलेलं होतं. आपल्याकडे भिंतीत २३० असतात. दादाने सोबत अडॅप्टर दिला होता, तो फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तो असताना त्याने चार्जर लावलाच नाही, ब्रश तिथूनच भरून आणला होता. तो परत गेला, चार्जिंग उतरलं, आईने लावला आणि थोड्या वेळाने बाथरूममध्ये जळका वास. ‘तुम्ही लोकांनी नीट वापरला नाही’ हे मला आजही ऐकवलं जातं. नुसता चार्जर मिळतो का म्हणून मी हिंडले, त्या मॉडेलचा इथे नव्हता. आई दुसऱ्या दिवशी पहिल्या ब्रशवर परत, मजेत.

तर बाहेरून कुणी ब्रश आणणार असेल तर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का ते त्यांना दुकानातच बघायला सांगा. आणि मॉडेल ठरवण्याआधी त्याच्या हेडची, म्हणजे केसांच्या बदलायच्या टोकाची, किंमत काढा. हेड तीन महिन्यांनी बदलायचं असतं, वरच्या मॉडेलची हेड महाग पडली की माणसं पिंजारलेल्या हेडने वर्ष काढतात. मग चौदा हजार गेले कुठे? गोल फिरणारा की थरथरणारा याचा फार काथ्याकूट करू नका, केस मऊ असले की झालं. पेन्सिल सेलवर चालणारे मात्र नको, सेल उतरत आला की ते मलूल होतात. सासऱ्यांना एक सांगा, ब्रश आधी तोंडात, मग बटण. हिरडीच्या कडेला तिरका टेकवायचा, दातागणिक थोडं थांबायचं, घासायचं नाही.

हां, तारा लावलेल्या असतील किंवा इम्प्लांट असतील तर दातांच्या डॉक्टरांना विचारा, तिथे वरच्या मॉडेलच्या वेगळ्या हेडचा उपयोग होऊ शकतो. सासऱ्यांना पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारा, कारण हे चार्जर चुंबकीय क्षेत्रावर चालतात. आणि कुणाला स्वतःच्या पैशाने अ‍ॅप बघत दात घासायची हौस असेल तर माझी काही हरकत नाही.

वॉरंटीचंही आधी विचारून ठेवा. मी इथल्या काउंटरवर तो ब्रश नेला तेव्हा उत्तर मिळालं, “जिथून घेतला तिथेच न्या.” डबा, बिल, जळका चार्जर, सगळं एका पिशवीत बांधून ठेवलंय. दादा दिवाळीत येतोय.