बटणं चौसष्ट, पण हाय-हॅट सापडेना

प्रश्न : जुना लाँचपॅड मिनी (बटणांचा मिडी कंट्रोलर) सेकंडहँड घेतला. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये अहिराणी गाण्यांना ठेका वाजवायचा आहे. किक आणि स्नेअर कुठेतरी मधल्या ओळीत सापडले, हाय-हॅट काही केल्या सापडत नाही. बटण हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. मंग आते काय करानं? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : यंत्र ठणठणीत आहे, फक्त त्याचे नंबर ड्रमसाठी लावलेले नाहीत. या लाँचपॅडच्या नेहमीच्या मांडणीत वरची ओळ ० ते ७ नोट (कुठला आवाज वाजवायचा ते संगणकाला सांगणारा मिडी नंबर) पाठवते, दुसरी १६ ते २३, तिसरी ३२ ते ३९, चौथी ४८ ते ५५. म्हणजे दर ओळीला १६ची उडी. जनरल मिडीच्या ठरलेल्या नकाशात, म्हणजे कुठला ड्रम कुठल्या नंबरवर याच्या प्रमाण यादीत, किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२ आणि उघडा हाय-हॅट ४६. तिसऱ्या ओळीत पाचवं आणि सातवं बटण दाबलंत की किक-स्नेअर मिळतात. ४० नंबर उजवीकडच्या गोल बटणाला गेलाय, आणि ४१ ते ४७ या मांडणीत कुठल्याच बटणावर नाहीत. मग हाय-हॅट सापडणार कुठून?

यंत्रात ड्रमची वेगळी मांडणी आहे, ती फक्त चालू करायची. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी आउटपुटच्या यादीत लाँचपॅड चालू करा. एक रिकामा ट्रॅक घ्या, त्याचं मिडी हार्डवेअर आउटपुट लाँचपॅडला जोडा. त्यात छोटा मिडी आयटम टाकून चॅनल १ वर सीसी (कंट्रोल चेंज संदेश) ०, किंमत २ अशी एकच नोंद करा आणि तो एकदा वाजवा. आता डावीकडे खालच्या कोपऱ्यात ३६, तिथून चार-चारच्या ओळींनी वर ६७पर्यंत. उजव्या अर्ध्यात तळाला ६८ ते ७१ आणि वर ९९पर्यंत. किंमत १ पाठवली की जुनी मांडणी परत येते. केबल काढली की यंत्र हे विसरतं, म्हणून तो ट्रॅक टेम्प्लेटमध्येच ठेवा.

आता जोराचं. या मॉडेलची बटणं म्हणजे निव्वळ स्विच, कसंही दाबा, व्हेलॉसिटी (दाबण्याच्या जोराचा आकडा) १२७च जाते. सॉफ्टवेअरमधलं कुठलंही सेटिंग बोटाचा जोर त्यात आणणार नाही. त्यावर डोकं घालवू नका. पण बटणं चौसष्ट आहेत, आणि एवढी चैन चांगल्या पॅडवाल्याकडेही नसते. जोर बटणात नाही, तर जागेत ठेवा.

ढोलकीचं उदाहरण घेऊ. उजवीकडचा खालचा चौकोन, ६८ ते ८३, ढोलकीला द्या. चार उभ्या रांगा म्हणजे चार बोल : ना, तिं, गे, क. खालची ओळ हलक्या थापेची, दुसरी मध्यम, तिसरी जोरदार. म्हणजे ‘ना’ खालून वर ६८, ७२, ७६. सर्वात वरच्या ओळीत घिस्सा, कारण बटणावर मनगट घासून तो निघत नाही; त्याचं वेगळं सॅम्पलच लागतं. प्रत्येक बटणाला रीपरमधल्या रीसॅम्पलोमॅटिक या सॅम्पल वाजवणाऱ्या प्लगिनची एक प्रत : नोट स्टार्ट आणि नोट एंड दोन्हीकडे तोच नंबर, मोड ‘सॅम्पल’, म्हणजे सूर हलत नाही. ‘ओबे नोट-ऑफ्स’ची खूण काढून टाका, नाहीतर बोट उचललं की थापेची आस तुटते.

इथे बहुतेक जण एक आळस करतात : जोरदार थाप एकदाच रेकॉर्ड करायची आणि हलकीसाठी तिचाच व्हॉल्यूम उतरवायचा. ते कानाला लगेच खोटं लागतं. जोराने मारलं की चामड्याचा पोतच बदलतो, वरचे स्वर जास्त उठतात. तिन्ही जोर वेगवेगळे रेकॉर्ड करा, आणि सॅम्पलच्या सुरुवातीची शांतता अगदी थापेपर्यंत कापा.

तरीही एकसुरी वाटलं तर रेकॉर्डिंगनंतर मिडी एडिटरमधलं ह्युमनाइझ (नोटांचा जोर आणि वेळ किंचित मागेपुढे करणारं साधन) वापरा, पण फक्त व्हेलॉसिटीवर आणि थोडंच. वेळेला हात लावू नका. ती तुमच्या बोटांनी आधीच पुरेशी हलवलेली असते.

प्रश्न : माझ्याकडे नॅनोकंट्रोल २ हा कोर्गचा छोटा मिडी कंट्रोलर आहे. त्याची बटणं ड्रमला चालतील का? नोट लावून पाहिली, पण एकाआड एक दाबलं तरच वाजतं. – एक वाचक, धुळे

उत्तर : चालतील, पण बारीक आहेत, दोन बोटांचा ठेका ठीक, जलद लग्गी जमणार नाही. एकाआड एक वाजण्याचं कारण ‘टॉगल’ : पहिल्या दाबाला नोट सुरू होते, दुसऱ्याला बंद. कोर्गच्या कंट्रोल एडिटरमध्ये त्या बटणाचा प्रकार ‘नोट’ आणि वागणूक ‘मोमेंटरी’ करा, मग बदल यंत्रात लिहा. नुसती फाइल सेव्ह केली तर यंत्रात काहीच बदलत नाही.

प्रश्न : बटण दाबल्यावर आवाज मागून येतो. लॅपटॉप नवा आहे. – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आधी एक सांगा, कानात ब्लूटूथ आहे का? असेल तर काढा. त्यातला उशीर कुठल्याही सेटिंगने ठेका वाजवण्याइतका कमी होत नाही. वायरच्या हेडफोननेही आवाज मागे पडत असेल तर बफर (संगणक एका वेळी किती आवाज साठवून मग वाजवतो ते) पाहा : ४४,१०० हर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे २३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साडेअकरा, १२८ म्हणजे जेमतेम ३. वाजवताना १२८, मिक्सिंगला १०२४. वेगळं साउंडकार्ड नसेल तर विंडोजवर एएसआयओ४ऑल हा ऑडिओ ड्रायव्हर टाकून पाहा.

प्रश्न : उन्हाळ्यात वाजवताना आवाज चरचरतो आणि काही थापा लागतच नाहीत. कंट्रोलर खराब झाला का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात. दर वेळी तेच बटण चुकत असेल तर रबराखाली धूळ आहे : केबल काढा, झाकण उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने संपर्काच्या जागा पुसा, पूर्ण वाळू द्या. कधी हे, कधी ते बटण चुकतं आणि सोबत चरचर असेल तर लॅपटॉप तापतोय. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि गरम झालेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो; १२८चा बफर मग त्याला पेलत नाही. लॅपटॉप गादीवरून टेबलावर घ्या, खालून हवा लागू द्या, दुपारी बफर २५६ करा. कूलरची थेट धार मात्र अंगावर नको, ओलसर हवा यंत्रात जाते.