वाचकांचे प्रश्न: देशी गाडी मागे का पडते?

प्रश्न : अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनी एवढी वर्षं रस्त्यावर होत्या. मारुती आली आणि दोन्ही मागे पडल्या. आपल्या इंजिनिअरांना चांगली गाडी बनवता येत नव्हती का?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : येत होती, पण नवी गाडी बनवायची वेळच त्यांच्यावर कधी आली नाही. अ‍ॅम्बॅसिडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड आणि पद्मिनी इटलीची फियाट 1100. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. बनेल ती गाडी खपणारच असेल, तर नव्या डायवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांवर, पैसा कोण घालणार?

या धंद्यात पैसा खातात ते डायच. दरवाजाचा बाहेरचा पत्रा एका दाबात तयार होत नाही. आधी खोल ओढायचा, मग कडा कापायच्या, दुमडायच्या, भोकं पाडायची. प्रत्येक पायरीला वेगळा डाय लागतो. तो झिजला की पत्र्याला सुरकुती येते, कड जागेवर बसत नाही आणि दाराची फट वर कमी, खाली जास्त होते. मग हातोडी आणि पुटी घेऊन माणूस बसवावा लागतो. त्याच फटीतून पुढे धूळ आणि पाणी आत येतं.

दुसरी गोष्ट संख्येची. समजा नव्या मॉडेलवर 1000 कोटी रुपये खर्च झाले. पाच वर्षांत 5 लाख गाड्या खपल्या तर प्रत्येक गाडीवर 20 हजारांचा बोजा. 50 हजारच खपल्या तर तोच बोजा 2 लाखांचा. म्हणून मोठ्या परदेशी कंपन्या एकच इंजिन आणि एकच तळाचा सांगाडा चार-पाच मॉडेलांत वापरतात आणि वेगवेगळ्या देशांत विकतात. एकाच देशात विकणाऱ्या कंपनीला हे गणित जमवणं फार अवघड जातं. तरीही टाटांनी 1998 मध्ये इंडिका आणली, तक्रारी आल्यावर ती सुधारून 2001 मध्ये व्ही2 काढली. 2018 मध्ये त्यांच्याच नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. मधली वीस वर्षं शिकण्याची होती आणि ती वगळून जाता येत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : परदेशी गाड्यांवरची ड्युटी वाढवली तर देशी कंपन्या तरतील ना?
(एक वाचक, धुळे)

उत्तर : नाही. आपल्याकडे ज्या परदेशी नावाच्या गाड्या जास्त खपतात, त्या बहुतेक इथेच बनतात. सुझुकीच्या हरियाणा आणि गुजरातमध्ये, ह्युंदाईच्या चेन्नईजवळ. 2002 च्या धोरणाने या क्षेत्रात 100 टक्के परदेशी गुंतवणूक खुली झाली आणि त्याच वर्षी मारुतीची सूत्रं सुझुकीकडे गेली. ड्युटीची भिंत या गाड्यांच्या आड येतच नाही. शिवाय परदेशी नाव म्हणजे यश, असंही नाही. जनरल मोटर्सने 2017 मध्ये इथली विक्री थांबवली आणि फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं.

प्रश्न : मग ट्रॅक्टरमध्ये आपल्याच कंपन्या पुढे कशा?
(एक शेतकरी, शहादा)

उत्तर : कारण ट्रॅक्टर इथल्या कामासाठी घडवला गेला. स्वराजचं मूळ डिझाइन दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं. 1974 मध्ये स्वराज 724 बाजारात आला, आणि 2007 मध्ये महिंद्राने स्वराज बनवणारी कंपनी घेतली. सकाळी रोटाव्हेटर, दुपारी कापसाची ट्रॉली, मध्येच पाण्याचा टँकर, हे सगळं एकाच यंत्राने करायचं असतं. क्लच प्लेट तालुक्याच्या गावी मिळाली पाहिजे आणि गावातल्या मिस्त्रीला ती बदलता आली पाहिजे. पेरणीच्या आठवड्यात स्पेअरसाठी चार दिवस थांबावं लागलं, तर शेतकरी पुन्हा त्या कंपनीच्या दारात जात नाही.

मात्र गाफील राहू नये. 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे कडक नियम लागू आहेत. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी लागते आणि ते तंत्र परदेशी कंपन्यांच्या हातात आधीपासून आहे. एस्कॉर्ट्सचा ताबा 2022 मध्ये जपानच्या कुबोटाकडे गेला, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत माझी इंजेक्शन मोल्डिंगची तीन मशीन आहेत. टब, बादल्या आणि ठिबकचं फिटिंग काढतो. गाड्यांचे प्लास्टिक पार्ट मिळतील का?
(एक लघुउद्योजक, जळगाव)

उत्तर : मिळतील, पण थेट गाडी कंपनीचं दार वाजवू नका. नाशिकचं अंबड-सातपूर, संभाजीनगरचं वाळूज किंवा चाकण इथे जे कंपन्यांना जोडणी करून माल देतात, त्यांच्याकडे क्लिप, ब्रॅकेट, झाकण अशा छोट्या नगांपासून सुरुवात करा. आयएसओ 9001 हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र आधी घ्या. आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या प्रमाणपत्रासाठी वाहन क्षेत्रातला ग्राहक आणि वर्षभराच्या नोंदी लागतात.

पुरवठा सुरू होण्याआधी पीपीएपी, म्हणजे ग्राहकाकडून पार्टला मंजुरी घेण्याची प्रक्रिया होते. सहसा सलग 300 नग चालू उत्पादनातूनच काढून दाखवावे लागतात, निवडून ठेवलेले चालत नाहीत. सगळे नग मापात बसले एवढ्यावरही भागत नाही, सीपीके 1.67 मागतात (नगांची मापं सुटीच्या मर्यादेत किती मोकळेपणाने बसतात, त्याचा हा आकडा). समजा माप 40 मिमी आणि सूट ±0.2, म्हणजे एकूण 0.4 मिमीची जागा. तुमच्या नगांची पसरण त्यातल्या साधारण 0.24 मिमीतच राहिली पाहिजे, आणि तीही मधोमध.

खान्देशात हे हुकतं ते बहुधा पाण्यामुळे. पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक थंड होताना शेकडा 1 ते 2.5 आकसतं, 200 मिमीच्या नगात ते 2 ते 5 मिमी झालं. मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी दुपारी तापतं, मोल्ड (साचा) गरम राहतो आणि नग बाहेर आल्यावर जास्त आकसतो. सकाळचा नग पास, दुपारचा रिजेक्ट. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) किंवा मोल्डचं तापमान धरून ठेवणारं यंत्र घेतल्याशिवाय ऑर्डर स्वीकारू नका. पावसाळ्यात नायलॉनचा दाणा ओल धरतो. 80 अंशांवर चार तास वाळवला नाही तर नगावर चंदेरी रेघा येतात आणि क्लिप बसवतानाच तुटते. रनर (नगाला जोडून उरणारं जादा प्लास्टिक) दळून पुन्हा दाण्यात मिसळायची बादल्यांची सवय इथे सोडावी लागेल. ड्रॉइंगवर परवानगी नसेल तर एक मूठही मिसळू नका. कोणत्या पोत्यातला दाणा कोणत्या लॉटमध्ये गेला, ते लिहून ठेवा.

छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. मोल्ड बहुधा ग्राहकाच्या मालकीचा असतो. तो किती शॉटनंतर (किती वेळा भरून काढल्यावर) दुरुस्त करायचा, खर्च कोणाचा आणि विमा कोणाच्या नावावर, हे पहिल्या ऑर्डरआधी लेखी घ्या.