वाचक विचारतात: ठाण्याहून रात्रीच्या गाडीने गुलमर्गच्या बर्फात

जून २०२५ मध्ये कटरा–श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि काश्मीर खोरं पहिल्यांदाच देशाच्या रेल्वेजाळ्याला सलग जोडलं गेलं. तेव्हापासून ‘विमान नको, गाडीनेच स्कीइंगला जायचंय, कसं जमवू?’ असं विचारणारी पत्रं वाढली आहेत. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

आम्ही चौघं, मुलं अकरा आणि चौदा वर्षांची. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुलमर्गला शिकायला जायचं आहे. ठाण्याहून सगळा प्रवास रेल्वेने होईल का? कोणत्या गाड्या जोडाव्यात? — नौपाडा, ठाणे

होईल. दोन रात्री गाडीत जातील आणि तिसरी श्रीनगरला. महिना तुम्ही बरोबर निवडला आहे. काश्मीरचा ‘चिल्लई कलां’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतो. त्यामुळे नाताळात बर्फ पुरेसा साठलेलाच असेल याचा भरवसा नसतो. मध्य जानेवारी ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम.

पहिली रात्र सीएसएमटी–हजरत निजामुद्दीन राजधानीत. ही दुपारी चारच्या सुमारास सुटते आणि कल्याणला थांबते, त्यामुळे दादर किंवा सीएसएमटी गाठायची गरज नाही. ठाण्यातूनच कल्याणकडे सुटणारी लोकल मिळाली तर बॅगा ठेवायला जागा मिळते. संध्याकाळची गर्दी तोवर सुरू झालेली नसते. तिकीट सीएसएमटीपासून काढलं असेल तर बोर्डिंग स्टेशन कल्याण आहे ना, ते चार्ट लागण्याआधी तपासा. नाहीतर तुमचे बर्थ टीसी दुसऱ्याला देऊ शकतो.

सकाळी दहाच्या आसपास निजामुद्दीन येतं. दुसरी रात्र नवी दिल्ली–कटरा श्रीशक्ती एक्स्प्रेसमध्ये. ती संध्याकाळी सुटते. मधला दिवस बऱ्याच जणांना वाया गेल्यासारखा वाटतो आणि तो वाचवण्यासाठी ते दुपारचीच एखादी गाडी धरायला जातात. तसं करू नका. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या आसपासच्या धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. उशिराची गाडी उशिराच पोचते, पण पुढची तुमच्यासाठी थांबत नाही. दिल्लीतले हे आठ-नऊ तास म्हणजे तुमच्या सहलीचा विमाच आहे. सामान नवी दिल्ली स्थानकाच्या क्लोक रूममध्ये ठेवा. प्रत्येक बॅगेला कुलूप असल्याशिवाय तिथे घेत नाहीत, आणि प्रवासाचं तिकीटही दाखवावं लागतं.

कटऱ्याला सकाळी उतरल्यावर पुढच्या वंदे भारतच्या दोन वेळा आहेत, एक सकाळची आणि एक दुपारची. अचूक वेळा तिकीट काढतानाच बघा. आमचा आग्रह दुपारच्या गाडीचा. सकाळची गाडी कागदावर छान जुळते, पण धुक्याने दिल्लीची गाडी दोन तास जरी रखडली तरी ती हातची जाते. दुपारची धरली तर स्थानकावर उतरून चहा-नाश्ता, सामानाची सुरक्षा तपासणी, सगळं शांतपणे होतं. प्रवास साधारण तीन तासांचा. वाटेत चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल येतो आणि बनिहालनंतर पीर पंजालचा ११ किलोमीटरहून लांब बोगदा. या बोगद्यातून बाहेर पडलात की तुम्ही खोऱ्यात आलात.

श्रीनगरचं स्थानक नौगामला, शहराच्या कडेला आहे. त्या रात्री श्रीनगरलाच राहा. गुलमर्ग तिथून सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गपर्यंत रस्ता सरळ आहे आणि शेवटचे १३ किलोमीटर घाटाचे. बर्फ पडला असेल तर त्या घाटात फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी सोडतात. श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याला आधीच विचारा, ‘टंगमर्गला गाडी बदलावी लागेल का, आणि ते पैसे यात धरलेत का?’ हा प्रश्न न विचारल्यामुळे ऐन बर्फात भाव करत उभं राहण्याची वेळ येते.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. २४ जानेवारीच्या राजधानीसाठी २५ नोव्हेंबर, २५ तारखेच्या श्रीशक्तीसाठी २६ नोव्हेंबर, सकाळी ८. आरक्षण उघडल्यानंतरची सुरुवातीची वेळ फक्त आधारशी जोडलेल्या खात्यांनाच मिळते, म्हणून ते काम महिनाभर आधीच उरका. आणि परतीची तिकिटं निघाल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका. सुट्टी संपतानाच्या गाड्या जाण्याच्या गाड्यांहून लवकर भरतात.

पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर पैसे बुडतात का? — कोपरी, ठाणे

दोन पीएनआर एकमेकांशी जोडलेले असतील तर बुडत नाहीत. आयआरसीटीसीवर दुसरं तिकीट काढताना ‘कनेक्टिंग जर्नी’मध्ये पहिला पीएनआर द्यावा लागतो. अट अशी की दोन्ही तिकिटांवरचे प्रवासी तेच असावेत, नावं-वय-लिंग अगदी तंतोतंत जुळावं, आणि पहिल्या गाडीचं शेवटचं व दुसरीचं सुरुवातीचं स्थानक एकच किंवा रेल्वेने एका गटात धरलेलं असावं. एका तिकिटावर ‘सुनिता’ आणि दुसऱ्यावर ‘सुनीता’ एवढ्यावरही जोडणी अडते.

गाडी चुकलीच तर पहिली गाडी प्रत्यक्षात पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा. मग न केलेल्या प्रवासाचे पैसे कपातीशिवाय परत मिळतात. नवी जागा मात्र मिळत नाही, ती तुमची तुम्हालाच शोधावी लागते. म्हणूनच वर दिल्लीत मोकळे तास ठेवायला सांगितलं.

वेटिंगच्या भरवशावर निघू नका. चार्ट लागल्यावर ऑनलाइन काढलेलं पूर्ण वेटिंगचं तिकीट आपोआप रद्द होतं आणि त्यावर डब्यात चढता येत नाही. चौघांपैकी दोघांचंच कन्फर्म झालं तर काय करायचं, हे घरीच ठरवून ठेवा.

भावाने परदेशातून स्वतःचे स्की दिले आहेत, १६५ सेंटिमीटरचे. थर्ड एसीत नेता येतील? — ऐरोली

नियमाने नाही. थर्ड एसीत माणशी ४० किलो वजन फुकट आहे, पण थर्ड एसीसाठी पेटीचं माप ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर इतकंच आहे. त्याहून मोठं सामान ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करायचं असतं. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास दिल्लीच्या स्थानकांवर पार्सलवर बंधनं येतात, तेव्हा जानेवारीअखेर हा मार्ग बेभरवशाचा. शिवाय सीटखाली आडवे ठेवलेले स्की शेजारच्या कुटुंबाच्या पायात येतात ते वेगळंच.

स्की घरीच ठेवा, गुलमर्गला भाड्याने भरपूर मिळतात. शिकणाऱ्याला १६५ लांबही पडतील. उभे धरल्यावर हनुवटीपर्यंत येणारे स्की सुरुवातीला वळवायला सोपे जातात. बूट स्वतःचे असतील तर तेवढे जरूर न्या.

भाड्याचे बूट पहिल्याच दिवशी इतके दुखतात की लोक स्कीइंग सोडतात, असं ऐकलं. काय काळजी घ्यावी? — वाशी

ऐकलंत ते खरं आहे. आणि बहुतेक वेळा चूक बुटाची नसते, माप आणि मोजे चुकलेले असतात.

स्कीच्या बुटांचं माप आपल्या सात-आठ नंबरात नसतं, पावलाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये असतं. घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा आणि मोजा. दोन्ही पावलं मोजा, आणि संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. २६.४ आलं तर २६.५ मागा. दुकानदार ‘जरा सैल घ्या, आराम वाटेल’ म्हणून २८ देईल. ते घेऊ नका. सैल बुटात टाच वर उचलली जाते, मग ती धरून ठेवायला तुम्ही बकल करकचून आवळता आणि रक्त अडतं. पाय गार पडतो, सुन्न होतो, आणि दोष मात्र थंडीला दिला जातो.

खात्री करायची असेल तर आतला मऊ अस्तर-बूट काढून नुसत्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. मग अस्तरासकट घालून टाच जमिनीवर दोनदा आपटा आणि आधी घोट्याजवळचं बकल लावा. वरची त्यानंतर, पंजाची सर्वांत शेवटी आणि अगदी हलकी. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की ती मोकळी व्हावीत.

मोजे एकच जोडी, गुडघ्याखालपर्यंत येणारे, पातळ, लोकरीचे किंवा लोकरमिश्रित. आपल्याकडे थंडी म्हटली की दोन जोड्या सुती मोजे चढवायची सवय आहे. सूत घाम धरून ठेवतं आणि दोन थरांमध्ये सुरकुती पडते. त्या सुरकुतीवर दिवसभर दाब आला की संध्याकाळी नडगीवर लाल वळ उठतो. थर्मलची पँटही बुटात खोचायची नाही. बुटाच्या आत मोजा आणि पाय, बाकी काही नको.

रात्री अस्तर बाहेर काढून वाळवा, पण बुखारीला, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीला, चिकटवून ठेवू नका. बूट रात्रभर बाहेर गाडीत राहिले तर कवच इतकं कडक होतं की सकाळी पाय आत शिरत नाही.

बाइंडिंगबद्दल, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीबद्दलही सांगायला हवं, कारण गुडघा त्यावर अवलंबून आहे. पडताना बूट स्कीपासून सुटावा म्हणून तिथे स्प्रिंगचा ताण लावलेला असतो. त्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचा अनुभव पाहून ठरतो. वजन खरं सांगा आणि आधीच्या माणसाचा आकडा तसाच तर ठेवला नाही ना, हे विचारा. ताण जास्त असला तर पडूनही स्की सुटत नाही आणि पिळा गुडघ्याला बसतो. तळाला चिकटलेला बर्फ खरवडूनच बूट अडकवा. बर्फाचा थर मध्ये राहिला तर बाइंडिंग लागल्यासारखी दिसते पण पक्की बसत नाही.

वय ४८, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. दोन महिन्यांत तयारी होईल? — कळवा

कुरकुर म्हणजे दुखणं असेल, सूज येत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नुसता आवाज असेल तर होईल. स्कीइंगमध्ये मांडीचे स्नायू उतरताना जसे काम करतात तसे दिवसभर करतात, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव हवा. इमारतीत लिफ्टने वर जा आणि जिन्याने सावकाश चालत उतरा, आठवड्यातून चार दिवस. रविवारी येऊरची वाट, उतारावर लहान पावलं टाकत. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं ३० सेकंद थांबा आणि आठवडागणिक वाढवत ९० पर्यंत न्या.

आईचं वय ६४, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिला गोंडोलात (रोपवेत) वरपर्यंत नेता येईल? — घोडबंदर रोड

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत तीन हजारांच्या थोडं वर आणि दुसरा अफरवतला जवळपास ३,९५० मीटरवर. ठाण्याच्या समुद्रपातळीहून आलेल्या माणसाला हा दुसरा टप्पा काही मिनिटांत हजारभर मीटर वर नेतो. डॉक्टरांची परवानगी असेल तर गुलमर्गला एक दिवस नुसतं फिरून झाल्यावर पहिल्या टप्प्यापर्यंत न्या. दुसऱ्या टप्प्याचा हट्ट धरू नका. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नकोत.

दुसरा टप्पा जोराचा वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असेल तर बंद ठेवतात. तो उघडा असला तरी आखलेली वाट सोडून अफरवतच्या उतारांवर जाणं नवशिक्यांचं काम नाही. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे हिमस्खलनात परदेशी स्कीपटूंचा जीव गेला आहे, आणि ते अनुभवी होते.

खोलीत लाकडाची बुखारी किंवा गॅसचा हीटर असेल तर झोपताना विझवा आणि खिडकीची फट उघडी ठेवा. बंद खोलीत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेसाठी विजेचं ब्लँकेट किंवा गरम पाण्याची पिशवी मागा.

औलीला जावं की गुलमर्गला? हरिद्वारची गाडी सोयीची वाटते. — बेलापूर

गाडी सोयीची आहे, पुढचा रस्ता नाही. हरिद्वारहून ज्योतिर्मठ, म्हणजे पूर्वीचं जोशीमठ, सुमारे २७५ किलोमीटर. पूर्ण दिवसाचा घाट. रात्री डोंगरात गाडी चालवू नये, म्हणून रुद्रप्रयागला मुक्काम धरा. ज्योतिर्मठ–औली रोपवे जानेवारी २०२३ च्या जमीन खचण्यानंतर थांबवला गेला, तेव्हा रस्त्याने वर जायचं असंच गृहीत धरा. औलीचे उतार शिकायला सुरेख आहेत आणि गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे वर्ग चांगले, पण बर्फ गुलमर्गइतका खात्रीचा नाही. पहिल्यांदाच आणि मुलांसह जात असाल तर गुलमर्ग.

फोन चालेल ना? — खारघर

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघण्याआधी आठवडाभर तरी घरातला निदान एक नंबर पोस्टपेड करून घ्या. ज्या नंबरवर बँकेचे आणि आयआरसीटीसीचे ओटीपी येतात, तोच करा.