भाजलंय अंग, मग पोटाचं औषध का?

प्रश्न: भाऊ खूप भाजलाय, आयसीयूत आहे. नाकातल्या नळीने फीड देतायत आणि वर अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन पण, ते कशाला?

उत्तर: अहो बरोबरच करतायत ते. एवढं भाजलं की रक्तातलं पाणी झिरपून जातं, जठराच्या अस्तराला रक्त कमी पडतं आणि मग तिथलंच अ‍ॅसिड ते अस्तर खायला लागतं, अल्सर होतो, रक्त जातं, कधी भोकही पडतं. कर्लिंग अल्सर म्हणतात याला, कर्लिंग नावाच्या सर्जनने १८४२ मध्येच लिहून ठेवलंय. म्हणून ते अ‍ॅसिड कमी करणारं पँटोप्राझोल वगैरे, पण शक्य असेल तर पहिल्या २४ तासांतच फीड सुरू करणं हे मला तेवढंच मोलाचं वाटतं. उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी आली किंवा शी काळी चिकट दिसली तर आत रक्त जात असू शकतं, लगेच नर्सला सांगा.