वाचकांचे प्रश्न : चोवीस मुलं, एक गड आणि एक रात्र

प्रश्न : दादा, मी धायरीचा, वय २४. आमच्या मंडळाचा मुलांचा ग्रुप आहे, १३ ते १६ वयाची २४ मुलंमुली, रोज संध्याकाळी ग्राउंडवर येतात. डिसेंबरमध्ये त्यांना दिवसभराचा मोठा ट्रेक आणि एक रात्र टेंटमध्ये असं न्यायचंय. पोरांना कात्रज ते सिंहगड नाईट ट्रेक हवाय, माझ्या डोक्यात राजगड-तोरणा आहे. बरोबर आम्ही पाच मोठे, त्यातले तिघं नेहमी ट्रेक करणारे. रूट कुठला घेऊ, सामान किती, जेवणाचं काय, शेकोटी चालेल का, सगळंच सांगा.

उत्तर : मित्रा, आधी तुझं कौतुक, कारण चोवीस पोरं घरच्यांकडून दोन दिवस मागून न्यायची म्हणजे छातीच लागते. आता रूटचं. दोन्ही वाटा भारी आहेत आणि दोन्ही या ग्रुपला आत्ता नको. पोरं दमतील म्हणून म्हणत नाहीये, रोज खेळणारी पोरं आहेत, दम असणारच. पण दोन्हीकडे मधनंच खाली उतरायची धड सोय नाही. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून निघालास की एकामागून एक टेकड्या, चढा आणि उतरा, उतारावर मुरमाचा घसारा, वाटेत प्यायला पाणी नाही, आणि रात्री दोन वाजता एखाद्याचा पाय मुरगळला तर त्याला पुढेही नेता येत नाही आणि मागेही. राजगड-तोरण्याचं तेच, संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातनं उतरलं की ती सोंड धरून थेट तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत चालतच राहायचं, ऊन डोक्यावर. मोठ्यांनी मोठ्यांबरोबर करायचा ट्रेक आहे तो, ही पोरं अठराची झाली की अवश्य ने.

मुलांना न्यायचं असलं की मी सगळ्यात आधी हे बघतो की वाटेत कुठेही एखादं पोर बसलं तर तासाभरात त्याला गाडीपाशी पोचवता येईल का. या हिशोबाने तुझ्यासाठी लोहगड उत्तम. शिवाजीनगरवरनं सकाळची लोणावळा लोकल धरायची, लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली, तिथं उतरून चालत भाजे गाव, भाजे लेणी बघायची, ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची आहेत त्यामुळे तासभर तिथं गेला तरी जाऊ दे, मग चढत गायमुख खिंड, एका हाताला विसापूर आणि दुसऱ्या हाताला लोहगड, तिथनं लोहगडवाडी, जड सामान तिथं टाकून गड आणि त्याची विंचूकाटा माची बघून परत वाडीत मुक्काम. सगळं मिळून दहा-एक किलोमीटर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांच्यात दम शिल्लक आहे त्यांनी विसापूर करायचा, बाकीच्यांनी आवराआवर. आणि लोहगडवाडीपर्यंत गाडी येते, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या गडाला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, राजगड-रायगड-शिवनेरी वगैरे आणखी अकरा किल्ल्यांबरोबर, तेही पोरांना सांग, त्यांची मान ताठ होते.

गडावर मात्र टेंट लावायचा नाही, संरक्षित स्मारक आहे ते. वाडीत कुणाच्या तरी अंगणात किंवा शेतात आधीच बोलून ठेव, पाणी आणि संडासाची सोय बघून घे, पैसे ठरव. हे फोनवर उरकू नकोस, आधी एकदा तुमच्यातले दोघं बाईकवर जाऊन जागा डोळ्यांनी बघून या. नाताळचा आठवडा पूर्ण टाळ, लोणावळ्याच्या बाजूला तेव्हा गाडी हलत नाही. डिसेंबरचा पहिला पंधरवडा चांगला.

वेळेचा हिशोब कागदावर कर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला, दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्याकडे १० किलोमीटर म्हणजे दोन तास, चढ साधारण सव्वाचारशे मीटर म्हणजे अजून पाऊण तास, झाले पावणेतीन. पण हा हिशोब तयारीच्या माणसाचा, न थांबता. पाठीवर सॅक घेतलेल्या २४ पोरांसाठी सरळ दुप्पट धर, साडेपाच तास, त्यात लेणी आणि जेवण मिळवलंस की सात-साडेसात. मळवलीतनं आठला निघालात तर साडेतीनला मुक्कामी. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे टेंट उजेडात लागतात आणि दोनेक तास हाताशी राहतात, ते दोन तास मोडायचे नाहीत, कुणी कितीही म्हणालं तरी. दुपारी एक वाजता गायमुख खिंडीत नसाल तर विंचूकाटा रद्द, हे पोरांना पुण्यातच सांगून ठेव म्हणजे तिथं वाद होत नाही.

चालायची पद्धत नीट ऐक कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. पुढे एक जाणकार, शेवटी एक जाणकार, शेवटच्याच्या मागे कुणीही राहणार नाही, आणि उरलेले तिघं मधे आठ-आठ पोरं वाटून घेतील. आता होतं काय की पुढची दहा पोरं खिंडीत पोचतात, सॅक टाकतात, चिक्की खातात, फोटो काढतात, पंधरा मिनिटांनी शेवटची मुलगी लालबुंद चेहऱ्याने धापा टाकत येते, आणि ती दिसली रे दिसली की पुढचे म्हणतात चला आले सगळे, आणि उठतात. म्हणजे जिला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज तिला एक मिनिट मिळत नाही, दिवसभर हेच चालतं आणि संध्याकाळी ती म्हणते मला परत यायचं नाही. म्हणून ब्रेकची वेळ शेवटचं पोर खाली बसल्यावर सुरू करायची, त्याने पाणी प्यायलं, श्वास जागेवर आला की मग निघायचं, आणि निघताना त्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवायचं. पोर पुढे आलं की आपोआप जरा बरं चालतं, आणि मागच्या धावऱ्यांनाही आवर बसतो.

सामानाचं म्हणशील तर टेंट, भांडी, शिधा, गॅस हे सगळं एका गाडीतनं थेट लोहगडवाडीला पाठव आणि ती गाडी ड्रायव्हरसकट रात्रभर तिथंच राहू दे, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तीच उपयोगी. अंथरूण-पांघरूणही गाडीतच. पोरांच्या पाठीवर फक्त स्वतःचं पाणी, डबा, टोपी, स्वेटर, टॉर्च, ताट-वाटी. पाणी माणशी तीन लिटर, जड वाटतं पण हवंच. शूज नवे कोरे नकोत, नव्या शूजने पहिल्या दोन तासात टाचेला फोड येतो, साधे ॲक्शनचे ट्रेकिंग शूज आधी दोन आठवडे घालून फिरा. आणि जायच्या आधीचे दोन रविवार चतुःशृंगीवरनं वेताळ टेकडीला जाऊन या, भरलेली सॅक घेऊन. कोण मागे पडतं, कुणाच्या सॅकचा बंद तुटतो, कुणाला इनहेलर लागतो, हे तिथंच कळतं.

दुपारच्या डब्याला दशम्या, धपाटे, चटणी, काकडी, सोबत खजूर आणि गुळाची चिक्की. तेलकट वडापाववर चढायला लावू नकोस. गडावर माकडं हातातली पिशवी ओढतात, डबा उघडा घेऊन फिरायचं नाही. रात्री मुगाची खिचडी, २९ माणसांना तीन किलो तांदूळ आणि सव्वा किलो मूगडाळ पुरते, पापड-लोणचं घरनं, तूप विसरू नकोस. आणि ती पोरांनीच करायची, कांदा चिरण्यापासून भांडी घासण्यापर्यंत, आठ-आठच्या गटात कामं वाटून. मोठ्यांनी फक्त गॅसपाशी उभं राहायचं. खिचडी खाली लागली तरी लागू दे, पोरं ती चाटूनपुसून खातात.

शेकोटी जागेचा मालक हो म्हणाला तर अंगणात, छोटी, झोपायच्या आधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवलेली. बाहेर रानात अजिबात नाही. डिसेंबरमध्ये गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने अख्खा डोंगर जळतो, घरटी, अंडी, रोपं सगळं, आणि राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. थंडी मुख्यतः खालनं, जमिनीतनं लागते म्हणून वर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा खाली मॅट आणि सतरंजी घाला. टेंटची चेन रात्रभर बंद, मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, शूजही आतच, सकाळी झटकून घालायचे.

प्रत्येक पोराचा ब्लड ग्रुप, ॲलर्जी, चालू औषधं, आईवडिलांचे दोन फोन नंबर एका कागदावर लिहून घे, एक प्रत तुझ्याकडे आणि एक पुण्यात थांबणाऱ्या माणसाकडे, आणि त्याला सांग की मी रात्री आठपर्यंत फोन केला नाही तर तू चौकशी सुरू कर.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची, वारज्याला राहतो. क्लासच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच मुक्कामाच्या ट्रेकला जायचं म्हणतेय. नेमकी तारीख त्याच दिवसांत येते. तिचे बाबा म्हणतात नको पाठवू. मला पाठवावंसं वाटतंय पण धाडस होत नाही.

उत्तर : ताई, पाठवा. पाळी हे न पाठवायचं कारण नाही, पण आयोजकांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा आणि उत्तर गुळमुळीत आलं तर मग मात्र थांबा. बरोबर किमान दोन बायका लीडर म्हणून आहेत का, मुलींची झोपायची सोय वेगळी आहे का, आणि मुक्कामाच्या जागी दार लागणारं संडास आहे का. तिच्या सॅकमध्ये लागतील त्यापेक्षा दुप्पट पॅड, जुने वर्तमानपत्र, एक काळी झाकबंद पिशवी, टिश्यू, एक जादा गडद रंगाची पॅन्ट द्या. वापरलेलं पॅड डोंगरात टाकायचं नाही, गुंडाळून पुण्याला परत आणायचं. पोटात दुखतं तेव्हा घरी जी गोळी घेते तीच द्या, नवीन काही नको. रात्री बाहेर जायचं तर मैत्रिणीला उठवून, टॉर्च घेऊन, हे बजावून सांगा. निघायच्या आधी त्या लीडर बाईंशी तिची स्वतःची ओळख करून द्या, समोरासमोर. ऐनवेळी अनोळखी बाईला सांगायला मुली लाजतात आणि दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग चक्कर येते, हे मी खूपदा बघितलंय. आणि बाबांना आयोजकांच्या मीटिंगला घेऊन जा, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू दे.

प्रश्न : किल्ल्यांवर मधमाश्यांच्या हल्ल्याच्या बातम्या येतात. मुलं बरोबर असताना असं झालं तर नेमकं काय करायचं? (शिक्षक, हडपसर)

उत्तर : सर, कड्यावर लटकलेली ती मोठी पोळी आग्या मोहोळाची. धूर, दगड आणि भडक वासाचं अत्तर किंवा डिओ याने ती उठतात, म्हणून त्या दिवशी कुणीही डिओ मारायचा नाही आणि मोहोळ दिसलं की आरडाओरडा बंद, निमूट पुढे निघायचं. उठलीच तर हात झाडायचे नाहीत, माशी चिरडायची नाही, कारण डंखातनं सुटणाऱ्या वासाने बाकीच्या तिथंच येतात. तोंड-मान शर्टाने किंवा ओढणीने झाकून त्या जागेपासून शक्य तितकं लांब जायचं, पण कड्याच्या बाजूला पळायचं नाही, हे आधी पोरांना दाखवून ठेवा. लांब गेल्यावर नांगी नखाने खरवडून लगेच काढा, ती विष सोडतच राहते. ओठ-घसा सुजला, श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा डंख खूप झाले असतील तर कांदा-चुना लावत बसू नका, १०८ ला फोन करा आणि पोराला उचलून खाली आणायला लागा.